मशेरीच्या डागांची कादंबरी

गेल्या महिन्यात माझ्या नातीची एक मैत्रीण मला भेटायला आली होती. आमच्या पिढीच्या बायकांनी लहानपणी काय वाचलं, याचा ती अभ्यास करते आहे. मुलगी गुणी. आल्या आल्या पाया पडली, चहा घेतला, फोन टेबलावर ठेवून म्हणाली, "आजी, तुमच्या वाचनाची सुरुवात कशी झाली?" मी म्हटलं, "ऐतिहासिक कादंबऱ्यांनी. आणि कौटुंबिक. सरदार, गढ्या, घोडे, सासवा, सुना, जावाजावांचे हेवेदावे. हाताला लागेल ते." तिचा चेहरा पडला. मी पत्रकं, भाषणं, चळवळीची पुस्तकं सांगेन असं तिला वाटलं असावं. तीही वाचली, पण नंतर. "पण आजी, त्या कादंबऱ्यांत आपली माणसं कुठे होती?" तिने अगदी हळू विचारलं, जखमेला हात लावावा तसं. मी म्हटलं, "नव्हती." "मग तुम्हाला त्यात आवडायचं तरी काय?" "मजा यायची," मी म्हटलं. तिने ते लिहून घेतलं नाही. म्हणून मीच लिहायला बसले आहे. मजा यायची. या मजेचा जाब मला जन्मभर दोन्हीकडच्या लोकांनी विचारला आणि मी तो कुणालाच दिला नाही. आता या वयात तर मुळीच देणार नाही.

परळला आमची खोली पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून होती. वर चढणारा प्रत्येक माणूस आमच्या घरात डोकावूनच पुढे जायचा. आमच्याकडे आज सुकट आहे की कुळथाची पिठी, हे त्याला खालच्या पायरीवरच वासाने कळलेलं असायचं. आण्णा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये साचाखात्यात होते, जिथे सूत कातलं जातं तिथे. आई माझगावला गोदीजवळच्या एका वखारीत धान्य पाखडायला जायची. दोघंही घरी येताना अंगावर आपापलं काम घेऊन यायची. आण्णांच्या भुवयांवर कापसाचे तंतू असायचे आणि आईच्या केसांत भुसा. भोंग्यावर आमचं उठणं, भोंग्यावर आमचं जेवण. मिलची घरघर भिंतीतून रात्रंदिवस चालू असायची, आणि तिची इतकी सवय झाली होती की हरताळाच्या दिवशी ती थांबली की माझं वाचनात लक्ष लागत नसे. आणि त्या काळात हरताळ काय थोडे झाले? सकाळी प्रभातफेरी, संध्याकाळी सभा, मधे कुठेतरी अश्रुधूर. सगळं परळ-लालबाग 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणत रस्त्यावर उतरलेलं, आणि मी आमच्या माळ्यावर, गावाहून आलेल्या तांदळाच्या पिशव्यांवर पालथी पडून, झरोक्याच्या उजेडात पान धरून, कुठल्या तरी गढीत रममाण झालेली. मला त्याची तेव्हा लाज वाटली नाही. खरं म्हणजे फेरीतही मी असायचे आणि घसा बसेपर्यंत ओरडायचे. पण ओरडून झालं की पळत माळ्यावर.

त्याच सुमारास आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एका सकाळी आण्णांनी कुळदेवीचा टाक आणि नारळ फडक्यात बांधले आणि माझगावच्या बंदरात नेऊन पाण्यात सोडले. दोन दिवसांनी आईनेच देवाचा कोनाडा स्वच्छ पुसून काढला. रिकामा कोनाडा बघवेना. मी हळूच माझं पुस्तक त्यात ठेवायला लागले. कुणी काही बोललं नाही, म्हणजे ती जागा माझी झाली. फक्त माझा मोठा भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणायचो, तो चिडायचा. दादा रात्रशाळेत शिकत होता, चाळीत मुलांना जमवून व्याख्यानं द्यायचा आणि माझ्यावर त्याची माया होती, म्हणूनच त्याचा राग जास्त असायचा. "तीनशे पानांचं पुस्तक," तो म्हणायचा, "आणि त्यात आपला माणूस येतो एकदा. तोसुद्धा दार उघडायला! वेसकर! आणि तू ते कोनाड्यात ठेवतेस?" त्याचं खरंच होतं. गढीच्या दारावर वेसकर असायचा, त्याला नाव नसायचं. पण आई चुलीपुढून म्हणायची, "ओरडू नको रे तिच्यावर. कुसुम, तू वाच गो पुढं. त्या धाकट्या जावेचं काय झालं?" आईला अक्षर येत नव्हतं. संध्याकाळी भाकरी थापताना मी तिला वाचून दाखवायचे. एखाद्या सासूने सुनेला टोमणा मारला की आईची भाकरी तव्यावर जरा जोरात पडायची.

आता ही पुस्तकं माझ्याकडे यायची कशी, ते सांगते. रस्त्याच्या पलीकडच्या चाळीत तळमजल्यावर एक वाचनालय होतं. दोन बाकं, एक टेबल, काचेची दोन कपाटं. आम्हाला, म्हणजे आमच्या वस्तीतल्या लोकांना, तिथे उभं राहून वर्तमानपत्र वाचायला कुणी हरकत घेत नसे. पण पुस्तक घरी मिळत नसे. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला नव्हता म्हणूनच तो पक्का होता. त्या चाळीतली शालन माझ्या वर्गात होती. शालनला वाचनाचा कंटाळा, पण तिच्या घरी तिची विधवा आत्या होती, तिला सगळे माई म्हणत, आणि माईला कादंबरीवाचून जेवण जात नसे. शालन वडिलांच्या नावावर दर रविवारी माईसाठी एक पुस्तक आणायची. माई ते तीन दिवसांत फस्त करायची. उरलेले चार दिवस ते दप्तरातून माझ्याकडे यायचं. शालनच्या घरी कुणाला पत्ता नव्हता. शालन हे का करायची? माझ्या गणिताच्या वहीसाठी. व्यवहार चोख होता.

माईला मशेरीची सवय होती. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड हिरड्यांना चोळायची, आणि त्याच बोटाला थुंकी लावून पान उलटायचं. त्यामुळे तिने वाचलेल्या प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यावर तपकिरी डाग असायचा. मला ते डाग वाचता यायला लागले. जिथे डाग पुसट, तिथे माई भराभर पुढे गेलेली. जिथे मोठा, तिथे ती थांबलेली, पुन्हा मशेरी लावलेली, तेच पान परत वाचलेलं. लढायांच्या पानांवर डाग जवळजवळ नसायचेच. बाळंतपणं, रुसवे, नवऱ्याची मोहिमेवरून आलेली पत्रं, यांवर भरपूर. मलाही लढायांपेक्षा तेच आवडायचं. मी माईला कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्या बाईची आणि माझी आवड जुळते हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तीही माझ्याशी बोलत होती, फक्त तिला ते माहीत नव्हतं. माई शालनला विचारायची, "तुला काय वाटलं गो?" शालनने पुस्तक उघडलेलंही नसायचं. ती दुसऱ्या दिवशी शाळेत मला विचारायची, मी सांगायचे ते जसंच्या तसं जाऊन माईला सांगायची. भाची भलतीच हुशार निघाली म्हणून माई खूश.

मग ती कादंबरी आली. वाचनालयातल्या सगळ्या पुस्तकांना मूळचं कव्हर काढून काळा जाड पुठ्ठा घातलेला असायचा आणि पाठीवर नंबर. या पुस्तकाच्या दोन्ही भागांची पहिली पानंही गेली होती, त्यामुळे त्याचं नाव मला आजतागायत माहीत नाही. आम्ही त्याला 'उमाचं पुस्तक' म्हणायचो. एका सरदाराची गढी, तीन भाऊ, तीन सुना. थोरल्या वहिनींच्या कमरेला किल्ल्या. उमा मधली, सरळ आणि फटकळ. तिचा नवरा मोहिमेवर गेलेला असताना शत्रूकडे गेलेली एक चिठ्ठी सापडते आणि आळ येतो उमावर. भर संध्याकाळी तिला नेसत्या लुगड्यानिशी गढीबाहेर काढतात. थोरल्या वहिनी सज्जात उभ्या राहून बघत असतात आणि एक शब्द बोलत नाहीत. दरवाजा लागतो. पहिला भाग इथे संपायचा. त्या शेवटच्या पानावर माईचा डाग बोटाएवढा होता.

पुढचे दोन आठवडे माझ्यात आणि माईत शालनच्या तोंडून नुसतं वादळ चाललं होतं. मी कळवलं, उमा निर्दोष आहे हे थोरल्या वहिनींना पहिल्यापासून माहीत होतं. माईचा उलट सवाल आला, "मग बोलली का नाय?" मी कळवलं, बोलली असती तर किल्ल्या गेल्या असत्या. हे ऐकून माईने म्हणे पहिला भाग पुन्हा मागवला. दुसऱ्यांदा वाचला. दुसऱ्यांदा तो माझ्याकडेही आला. दुसरा भाग बांधणीला गेला होता. तो येईपर्यंत आमच्या भागात गोळीबार झाला, संचारबंदी लागली, शाळा बंद पडल्या आणि शालनला तिच्या वडिलांनी गावी पाठवून दिलं. माझी पुस्तकं बंद.

तुम्हाला हसू येईल. बाहेर माणसं मरत होती आणि एका चौदा वर्षांच्या मुलीला काळजी कसली, तर उमाचं पुढे काय झालं. पण मी खोटं कशाला लिहू? मी रात्री त्याच विचाराने तळमळायचे. शेवटी एक दिवस मी वाचनालयात गेले. चळवळीच्या उत्साहात त्यांनी दारावर नवी पाटी रंगवली होती, 'मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत असो'. मी ती दोनदा वाचली आणि सभासद होण्याचा अर्ज मागितला. तिथले चिटणीस, ज्यांना सगळे बापू म्हणत, ते भले गृहस्थ. पांढरी टोपी, मऊ आवाज. त्यांनी अर्ज दिला, मी तिथेच भरला. अक्षर छान आहे म्हणाले, घडी घालून खणात ठेवला. "कमिटीपुढे ठेवतो हं बाळ." मी पुढच्या आठवड्यात गेले. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक वेळी खण बंद आणि बापूंचा आवाज आणखी मऊ.

दरम्यान आण्णा सत्याग्रहात पकडले गेले आणि बापूही त्याच तुकडीत होते. दोघं काही दिवस एका कोठडीत राहून सुटून आले. आण्णांची दाढी वाढलेली, पण चेहरा खुललेला. "एका मगातून पाणी प्यालो आम्ही," ते आईला सांगत होते. "बापूंनी मला त्यांच्या हातानं डाळ वाढली." मी संधी साधली. "मग आण्णा, तुम्ही बापूंना माझ्या अर्जाचं सांगा ना." आण्णांचं हसू मावळलं. ते भिंतीला टेकले आणि म्हणाले, "तिथं निराळं असतं, कुसुम. तुरुंगात बघायला कोण होतं?" मग त्यांनी मला विणकाम खात्याचं सांगितलं. त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. मागात धोटा असतो, त्याच्या भोकातून धागा बाहेर काढायला विणकराला भोकाला तोंड लावून तो ओढून घ्यावा लागतो. एकाचा धोटा दुसऱ्याच्या हातात जातो. म्हणून आपल्या माणसाला त्या खात्यात घेत नसत. बाकी सगळं काम आपल्याला, पण जिथे तोंड लागतं तिथे नाही. "वीस वर्षं झाली मला. कापड कसं विणतात ते मी दारातनं बघितलंय," आण्णा म्हणाले. दादा तिथेच होता. तो म्हणाला, "आता कायदा झालाय. तक्रार करू. नाहीतर आपण आपलं वाचनालय काढू. ती पुस्तकं हवीत कशाला आपल्याला?" त्याने पुढे खरंच वाचनालय काढलं, चांगलं काढलं, मी त्यात दहा वर्षं काम केलं. पण त्या क्षणी मला कायदा नको होता. मला दुसरा भाग हवा होता, आणि तो त्या काचेच्या कपाटात होता.

रविवारी सकाळी वाचनालयात फेरीची बैठक होती. वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीने बसलेली. आण्णाही दाराशी झेंडा धरून उभे होते. बैठक संपली की पुस्तकांची देवघेव व्हायची. मी सरळ आत गेले. टेबलावर बांधणीहून आलेल्या पुस्तकांची चळत होती आणि सगळ्यात वर, नव्या काळ्या पुठ्ठ्यात, उमाचा दुसरा भाग. टेबलापुढच्या बाकावर एक ठेंगणी, पांढऱ्या लुगड्यातली बाई बसली होती. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक तपकिरी होतं. शालन नाही म्हणून माई स्वतः आली होती, त्याच पुस्तकासाठी.

"बापू, माझा अर्ज," मी म्हटलं.

"कमिटीपुढे ठेवायचाय, बाळ."

"कमिटी इथेच बसलीय."

कुणीतरी हसलं. एक गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, इथं बसून वाच की. पेपर वाचतेस तसं. नको कोण म्हणतंय? घरी न्यायचं म्हणजे जरा..."

"जरा काय?"

सगळ्यांना काय ते ठाऊक होतं आणि सगळे पाटीवरची अक्षरं पहिल्यांदाच बघितल्यासारखे दाराकडे बघत होते. तेव्हा माई बोलली. तिला एवढं श्रेय मी देईन, की जे इतरांच्या पोटात होतं ते तिने ओठावर आणलं. "काय ते मी सांगते. पान उलटताना थुंकी लागते की नाय? सगळेच लावतात. मग ते उष्टं पुस्तक आमच्या घरात यायचं, देवघराशेजारी ठेवायचं. नाय गो चालायचं. तुला वाईट वाटेल, पण मी तोंडावर बोलते."

आण्णा दाराशी हलले. मला वाटतं ते मला बाहेर बोलावणार होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर गेले असते.

"माई," मी म्हटलं, "उमाला गढीबाहेर काढतात त्या पानावर तुमच्या मशेरीचा डाग आहे. बोटाएवढा. आहे ना? तुमच्यामागून ती पानं मी उलटली. शालन मला आणून द्यायची, वर्षभर. तुमची मशेरी माझ्या पोटात गेली, मला काही झालं नाही. आणि पहिला भाग तुम्ही दुसऱ्यांदा मागवलात, तेव्हा त्यातलं पान न् पान माझ्या थुंकीचं होतं. तुम्हाला काय झालं?"

माईने ते तपकिरी बोट मुठीत दडवलं.

"आणि थोरल्या वहिनींना सगळं माहीत होतं, हे शालनला कुठून सुचणार? ते मी सांगितलेलं. बोलल्या असत्या तर किल्ल्या गेल्या असत्या. तेही मीच."

एवढं बोलून मी टेबलावरचं पुस्तक उचललं. पहिलं पान उघडलं. बोट जिभेवरून फिरवलं, चांगलं सगळ्यांना दिसेल असं, आणि पान उलटलं. पुन्हा बोट जिभेवर, पुन्हा पान. घाई केली नाही. कुणी हात धरला नाही, कारण हात धरायला मला शिवावं लागलं असतं. पहिलं प्रकरण संपेपर्यंत मी पानं उलटत राहिले, एक अक्षर न वाचता.

बापूंनी चष्मा काढून पुसला. मग मोठं रजिस्टर उघडून त्यातल्या एका नंबरावर रेघ मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घेऊन जा. आता ते दुसऱ्या कुणाला देता येणार नाही." हे ते किळसेने म्हणाले की मला ते पुस्तक मिळावं म्हणून म्हणाले, मला आजही कळलेलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे. अर्ज खणातच राहिला.

घरी येताना आण्णा माझ्यापुढे चालत होते. जिन्यापाशी थांबून म्हणाले, "तू तोंड लावलंस." एवढंच. मग माझ्या हातातून पुस्तक घेतलं, वर गेले आणि स्वतःच्या हाताने कोनाड्यात ठेवलं. दादा कपाळावर हात मारून म्हणाला, "एवढं भांडून मिळवलं काय, तर वेसकराचं पुस्तक!" आणि मग तो आणि मी इतके हसलो की आईला वाटलं आम्हाला वेड लागलं. एका गोष्टीचं मात्र मला वाईट वाटतं. माझ्या बोलण्याने शालन तोंडघशी पडली. गावाहून आल्यावर तिने घरी बोलणी खाल्ली आणि माझ्याशी कित्येक महिने अबोला धरला. तिचं काही चुकलं नव्हतं. बाकी त्या सकाळच्या कशाचंही मला वाईट वाटत नाही.

दुसरा भाग मी आईला वाचून दाखवला, रोज थोडा थोडा. शेवटाकडे उमा परत येते, दरवाजापुढे उभी राहते, आणि आत सगळे वाद घालत असताना वेसकर दरवाजातली छोटी दिंडी उघडतो. पुस्तकात एकच ओळ आहे, 'वेसकराने दार उघडले.' आईने पीठ मळता मळता हात थांबवला. "नाव काय त्याचं?"

"लिहिलेलं नाही."

"एवढं मोठं काम केलं आणि नाव नाय? तुझ्या पणज्याचं घाल. राघू. त्यानं पण वेस राखलेली." मी पेन्सिल घेतली आणि त्या शब्दाच्या वर राघू असं लिहिलं. दादाने ते बघितलं. त्यानंतर वेसकराचा विषय त्याने काढला नाही.

तीन-चार आठवडे गेले. एका रविवारी दुपारी जिन्यावर अनोळखी पावलं वाजली आणि दारात माई उभी. दम लागलेला. सगळा मजला बाहेर येऊन बघत होता.

"उमा गढीत परत आली का गो?" तिने विचारलं. ना नमस्कार, ना चमत्कार.

"पुस्तक आहे. आत या, बसा, वाचा."

"तोंडानं सांग ना."

"नाही सांगणार."

आई माझ्यावर ओरडली, "मोठ्या माणसाशी असं बोलतात काय?" पण मी हलले नाही. माई वळली. तिची पावलं खाली गेली, चार पायऱ्या, मग थांबली. मी कान देऊन ऐकत होते. ती परत वर आली, उंबरठा ओलांडून अगदी दाराशी बसली आणि हात पुढे केला. मी कोनाड्यातून पुस्तक काढून दिलं.

ती तीन रविवार आली. आईने प्रत्येक वेळी चहा केला आणि माईने प्रत्येक वेळी तो न घेता जाताना "येते" म्हटलं. पहिल्या दिवशी तिने पानं कोरड्या बोटाने उलटायचा प्रयत्न केला. नव्या बांधणीची पानं अजून घट्ट, एकदम दोन-दोन सुटत होती. पण उमा नवऱ्याच्या शोधात घाट चढायला लागली आणि माई हे सगळं विसरली. तिचं बोट आपोआप तोंडाकडे गेलं, जिभेवरून फिरलं, पानावर आलं. मग तिच्या लक्षात आलं. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडेच बघत होते. ती उठून जाईल असं मला वाटलं. तिने एकदा दाराबाहेर बघितलं, मग खाली पुस्तकात. घाट अजून बराच चढायचा होता. ती पुढे वाचू लागली.

शेवटच्या रविवारी तिने विचारलं, "हा राघू कोण?"

"माझे पणजोबा."

ती "हं" म्हणाली. पुस्तक मिटल्यावर म्हणाली, "बरं झालं परत आली उमा. आपलं घर ते आपलं घर."

"मी असते तर गेले नसते," मी म्हटलं. "ज्यांनी हाकललं त्यांच्याकडे कशाला?"

"मग कुठं जाशील? दार उघडून घेतलं ना तिनं? मग झालं तर."

"उघडून तिने नाही घेतलं. राघूने उघडलं."

आम्ही दिवेलागणीपर्यंत भांडलो. शालनला मधे न घालता, पहिल्यांदाच. मी तिला माफ केलं असं मात्र कुणी समजू नये. तिने चहा घेतला नाही आणि मी ते विसरले नाही. पण माझ्यासारखं वाचणारी बाई मला त्यानंतर दुसरी भेटली नाही, हेही तितकंच खरं.

परवा मी त्या अभ्यास करणाऱ्या मुलीला पुन्हा बोलावलं आणि काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. सगळी हकिकत सांगून राघूचं पान काढून दिलं. पेन्सिल फिकी झाली आहे, पण वाचता येते. खाली कोपऱ्यात माईचा डाग आहे, बोटाएवढा. तिने डागावर हलकेच बोट ठेवलं. मग म्हणाली, "आजी, डाग त्यांचा दिसतो. तुमच्या बोटाची खूण कुठेच दिसत नाही."

"नसू दे," मी म्हटलं. "पुस्तक माझं आहे."